नांदण्याचा हक्क कुणाच्या नावावर?

गोव्यात नोंदणी लग्न दोन सह्यांचं असतं. वधूवर आधी निबंधकापुढे येऊन इरादा नोंदवतात, मध्ये काही दिवस जाऊ देतात आणि मग पुन्हा येऊन सही करतात. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसला, तर त्यानंतर दोघांची मालमत्ता एकत्र होते आणि तिच्यात बायकोचा निम्मा वाटा ठरतो. नवऱ्याला घर विकायचं झालं तर तिची सही लागते. हे सगळं 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेलं आहे. पोर्तुगालने स्वतः 1966 मध्ये नवी संहिता केली. गोव्यात जुनी अजून चालते.

आता याच जोडप्यातल्या नवऱ्याचे वडील 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेले आहेत असं धरू. वडिलांचा जन्म लिस्बनच्या नोंदवहीत चढतो, मग मुलाचा चढतो, आणि मुलगा पोर्तुगालचा नागरिक होतो. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, कारण आपला कायदा दोन नागरिकत्वं चालवून घेत नाही. बायको मात्र भारतीयच राहते. ब्रिटन युरोपीय संघाच्या नियमांत होतं तोवर, म्हणजे 2020 संपेपर्यंत, अशी जोडपी स्विंडन, साउथॉल, लेस्टरला जाऊन स्थिरावली. बार्देश-सासष्टीत ज्याच्या ओळखीत असं एकही कुटुंब नाही असा माणूस सापडायला वेळ लागेल.

अशा घरातल्या बाईची स्थिती गमतीची होती. मडगावच्या फ्लॅटमध्ये ती निम्म्याची मालकीण. स्विंडनमध्ये राहण्याचा हक्क मात्र सगळाच्या सगळा नवऱ्याच्या पासपोर्टवर. तो तिथे आहे म्हणून ती तिथे.

युरोपीय संघाच्या नागरिकाशी लग्न केलेल्या बाहेरच्या माणसाचा हक्क आजही 27 देशांत याच पायावर उभा आहे. कायद्याच्या भाषेत त्याला व्युत्पन्न हक्क म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या हक्कातून निघालेला. माझं म्हणणं असं की संसार सुरू होताना ही व्यवस्था ठीक आहे, पण वर्षं जातात तसा तो हक्क हळूहळू त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर व्हायला हवा. आजचा कायदा पाच वर्षांपर्यंत तो तसा होऊ देत नाही, आणि त्या पाचांत कोणती वर्षं धरायची याबाबत फारच कंजूष आहे.

आधी कायद्याला त्याचं श्रेय देतो. युरोपीय संघाचा 2004 चा 38 वा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना पाळावा लागणारा संघाचा कायदा, मुळात उदार आहे. समजा एक फ्रेंच तरुण म्युनिकमध्ये नोकरी करतो आणि त्याची बायको पुण्याची आहे. तिला व्हिसा फुकट मिळाला पाहिजे आणि लवकर मिळाला पाहिजे. भाषेची परीक्षा नाही. पहिल्या दिवसापासून नोकरी करायची मुभा. अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत रेसिडेन्स कार्ड. वर्षातून एकूण सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर न राहता पाच वर्षं काढली की कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळतो, आणि तो एकदा मिळाला की सलग दोन वर्षांहून जास्त काळ देशाबाहेर राहिल्याशिवाय जात नाही. ब्रिटनने आपल्या नागरिकांच्या जोडीदारांसाठी 2012 मध्ये वर्षाला 18,600 पौंड उत्पन्नाची अट घातली आणि 2024 मध्ये ती 29,000 वर नेली. त्याच्याशेजारी हा निर्देश ठेवला की त्याची किंमत कळते.

पण मी त्या तरुणाला फ्रेंच का केला, ते सांगतो. तो जर्मन असता तर यातलं जवळजवळ काहीच तिला लागू झालं नसतं. निर्देश आहे तो आपला देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात राहणाऱ्या युरोपीय नागरिकासाठी. आपल्याच देशात राहणाऱ्याला त्या देशाचा कायदा. जर्मनीच्या कायद्यानुसार जर्मन नागरिकाच्या भारतीय बायकोला व्हिसाआधी जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची, परीक्षा द्यावी लागते. 2007 पासूनची ही अट आहे. मग ती पुण्यात मॅक्सम्युलर भवनात वर्ग लावते. तिच्याच सोसायटीतला इंजिनिअर ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, म्युनिकला जातो, त्याच्या बायकोला ही परीक्षा नाही. म्हणजे जर्मनीत फ्रेंच माणसाची बायको परीक्षेविना, पुणेकराची बायको परीक्षेविना, आणि ज्याचा तो देश आहे त्याची बायको वहीत क्रियापदं गिरवतेय. घरच्याला कोरडी भाकरी आणि पाहुण्याला पुरणपोळी, असला हा प्रकार.

डेन्मार्कमध्ये याहून कडक. तिथे 2002 पासून नियम आहे की परदेशी जोडीदार आणायचा तर दोघांचंही वय 24 च्या पुढे हवं. दोनच वर्षं आधी, 2000 मध्ये, कोपनहेगन आणि स्वीडनमधलं माल्मो जोडणारा ओरेसुंड पूल वाहतुकीला खुला झाला होता. डॅनिश तरुण लग्न करून पूल ओलांडून माल्मोला राहायला जायचे आणि रोज कामाला कोपनहेगनला यायचे. स्वीडनमध्ये ते परदेशी युरोपीय ठरायचे आणि बायकोला युरोपचा कायदा मिळायचा. पुलाचं नाव लोकांनी प्रेमाचा पूल करून टाकलं. डच जोडपी हेच बेल्जियममध्ये जाऊन करत.

या पळवाटेला कायद्यात जे नाव आहे ते एका भारतीयाचं. सुरिंदर सिंग प्रकरणात पती भारतीय होता, पत्नी ब्रिटिश. लग्न 1982 मध्ये झालं, मग दोघांनी काही वर्षं जर्मनीत नोकरी केली आणि ब्रिटनला परतून धंदा टाकला. पुढे संसार बिनसला आणि ब्रिटिश सरकारने पतीला देश सोडायला सांगितलं. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने, 1992 मध्ये निकाल दिला की दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला परदेशात मिळाले असते त्याहून कमी हक्क देता येणार नाहीत. तसे दिले तर माणूस घराबाहेर पडायलाच धजणार नाही. तर्क सरळ होता. 2014 मध्ये त्याच न्यायालयाने मर्यादा आखली: बाहेरचं वास्तव्य खरं हवं, तीन महिन्यांहून अधिक हवं आणि कौटुंबिक आयुष्य तिथे उभं राहिलेलं किंवा घट्ट झालेलं हवं.

आणि 'बाहेर' म्हणजे युरोपच्या आतलंच बाहेर.

मला सर्वात जास्त खटकतं ते इथे. चाकणच्या कारखान्यात दहा वर्षं काढलेला जर्मन अभियंता घ्या. लग्न पुण्यात, मुलं पुण्यात, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याने स्वतः रजा टाकून निभावलेलं. कंपनीने परत बोलावलं आणि कुटुंब श्टुटगार्टला निघालं. दहा वर्षांच्या संसाराचा हिशेब तिथे शून्यापासून. जर्मन कायदा जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांनी कायमचा परवाना देतो, अटी पुऱ्या झाल्या तर. पण ती तीन वर्षं जर्मनीत काढलेलीच. युरोपचा निर्देश पाच मागतो, तीही त्या देशातली. श्टुटगार्टऐवजी कंपनीने त्याला व्हिएन्नाला पाठवलं तर निर्देश लागू होईल आणि परीक्षा टळेल, पण पुण्यातली दहा वर्षं तिथेही कुणी विचारणार नाही.

यावर नेहमी मिळणारं उत्तर असं की कायमचं वास्तव्य हे त्या समाजात मिसळल्याचं फळ आहे, लग्नाचं नव्हे. उत्तरात दम आहे. पण मग याच युरोपातले देश नागरिकत्व कसं देतात ते पाहा. इटलीत राहणाऱ्या जोडीदाराला लग्नानंतर दोन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि परदेशात राहणाऱ्याला तीन वर्षांनी. 2018 पासून त्याला इटालियन भाषेची अट जोडली आहे. फ्रान्स चार वर्षं मागतो, फ्रान्समध्ये पुरेसं राहिलेले नसाल तर पाच. पोर्तुगालमध्ये तीन वर्षांचं लग्न पुरतं. म्हणजे परदेशातल्या संसाराची वर्षं नागरिकत्वासाठी चालतात आणि त्याहून कितीतरी हलक्या असलेल्या वास्तव्याच्या हक्कासाठी चालत नाहीत. देवघरात प्रवेश आहे, पण ओसरीवर बसायचं नाही.

"मग नागरिकच व्हा ना," असं म्हणणारे भेटतात. युरोपातल्या बहुतेकांना हे सोपं वाटतं, कारण त्यांना दुसरा पासपोर्ट घेताना पहिला टाकावा लागतोच असं नाही. भारतीयाला टाकावा लागतो. पासपोर्टबरोबर मत जातं. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इथे येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड, घेता येतं, पण ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर आली. जिच्या नावावर गावाकडे सातबारा आहे आणि भावाशी वाटणी अजून व्हायची आहे, तिला 'नागरिक हो' म्हणणं म्हणजे अर्धं आयुष्य सोडून दे म्हणणं. कायमच्या वास्तव्याचा हक्क भारतीय जोडीदारासाठी म्हणूनच फार मोलाचा. तिथे निर्धास्त राहता येतं आणि इथलं तुटत नाही.

आणि आपण इथे बसून युरोपवर बोटं मोडतोय, तर आपलं दुकानही तपासावं. भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय मिळायला लग्न नोंदलेलं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. ती दोन वर्षं भारतात काढलीत की टोरांटोत, हे कायदा विचारत नाही. इथे आपण युरोपपेक्षा समजूतदार. पण लग्न मोडलं की ते कार्ड रद्द करायची तरतूद त्याच कायद्यात आहे. मारहाण झाली होती का, मुलं कुणाकडे आहेत, किती वर्षं राहिलात, यांतल्या कशासाठीही त्या तरतुदीत अपवाद लिहिलेला नाही. युरोपने निदान अपवाद लिहिलेत.

माझा हिशेब असा. पाच वर्षांपैकी तीन वर्षं युरोपबाहेरच्या, कागदोपत्री सिद्ध होणाऱ्या एकत्र वास्तव्याची धरावीत. उरलेली दोन त्या देशात राहून पूर्ण करावीत. भाषा, शेजार, तिथला हिवाळा, कर भरणं, मुलांची शाळा याची ओळख व्हायला दोन वर्षं पुरेशी आहेत. पुरेशी नाहीत असं म्हणणाऱ्याला पाचही पुरणार नाहीत.

खोट्या लग्नांचा मुद्दा टाळून चालणार नाही. पासपोर्टसाठी लग्नं लावून देणारे दलाल आहेत. निर्देशाच्या 35 व्या कलमाने सदस्य देशांना अशा लग्नावर आधारलेला हक्क नाकारायचा आणि काढून घ्यायचाही अधिकार दिलेला आहे, आणि तो त्यांनी वापरावा. पण खोट्या लग्नाची भीती खरी असेल, तर चाकणमध्ये दहा वर्षं संसार केलेलं, दोन मुलांचं, एकत्र बँक खात्याचं जोडपं हे सगळ्यात कमी संशयाचं ठरायला हवं. आजच्या नियमात ते आणि गेल्या महिन्यात दलालाने जुळवलेलं जोडपं शून्याच्या एकाच रेघेवर उभे आहेत. शिवाय पाच वर्षं जोडीदाराच्या मुठीत ठेवल्याने दलालाचं काही बिघडत नाही, तो पैसे आधीच घेतो. बिघडतं ते खऱ्या लग्नात फसलेल्याचं.

मराठीत लग्न झालेली मुलगी नांदायला जाते. या शब्दात राहणं आहे आणि सुखाने राहणंही आहे. पण याच शब्दाचा दावाही होतो. 1884 मध्ये दादाजी भिकाजींनी मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंवर नांदायला येण्याचा दावा लावला. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर 6 महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी 1888 मध्ये 2,000 रुपयांवर तडजोड झाली आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या. त्या काळचा कायदा बाईला म्हणत होता, तो जिथे आहे तिथे तुला राहावंच लागेल. आजचा युरोपीय कायदा असली जबरदस्ती करत नाही. तो एवढंच म्हणतो की तो जिथून जाईल तिथे तुला राहता येणार नाही.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर 2015 चा निकाल पाहा. आयर्लंडमधलं प्रकरण, पती पुन्हा एक भारतीय, आडनावही पुन्हा सिंग, पत्नी लाटव्हियाची. निर्देशाचं 13 वं कलम सांगतं की लग्न किमान तीन वर्षं टिकलं असेल आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलं असेल, तर घटस्फोटानंतरही जोडीदाराचा हक्क राहतो. पतीने या मुदती केव्हाच ओलांडल्या होत्या. पण पत्नी आधी आयर्लंड सोडून गेली आणि घटस्फोटाचा अर्ज तिने नंतर केला. न्यायालय म्हणालं, ती गेली त्या क्षणीच त्याचा हक्क संपला. संपलेला हक्क घटस्फोटाने जिवंत होत नाही. म्हणजे तिचं विमान उडायच्या आदल्या दिवशी कुणीतरी कोर्टात अर्ज टाकला असता तर निकाल उलटा लागला असता. संसाराची वर्षं तीच, घर तेच, कर भरलेले तेच.

पुढच्याच वर्षी, 2016 मध्ये, हाच नियम न्यायालयाने घरात मार खाणाऱ्या बाईलाही लावला. ती पाकिस्तानी, नवरा जर्मन, देश ब्रिटन. नवरा देश सोडून गेला आणि घटस्फोटाची कारवाई नंतर सुरू झाली, म्हणून हिंसाचाराच्या बळींसाठी ठेवलेलं संरक्षण तिला मिळालं नाही. म्हणजे मारणाऱ्याच्या हातात दुसरं हत्यार आलं: तिकीट काढ आणि जा, मागची आपोआप बेकायदा ठरेल. 2021 मध्ये न्यायालयाने बेल्जियममधल्या प्रकरणात ही चूक सुधारली. तिथे पती अल्जेरियन होता, पत्नी फ्रेंच, आणि हिंसाचाराची तक्रार पतीची होती. न्यायालयाने मान्य केलं की हिंसाचार झालेला असेल तर जोडीदार निघून गेल्यावरही घटस्फोटाचा अर्ज चालेल, फक्त तो वाजवी मुदतीत हवा. त्या माणसाने जवळजवळ तीन वर्षांनी केला होता. ती मुदत वाजवी नाही, असं न्यायालय म्हणालं. वाजवी म्हणजे किती, हे आता प्रत्येक देशाचा इमिग्रेशन अधिकारी ठरवणार. मार खाऊन बाहेर पडलेला माणूस आधी खोली शोधतो, मग काम, मग वकील; त्यात मुलाचा ताबा ही वेगळीच लढाई. हा क्रम माहीत असलेल्या कुणीही ती मुदत महिन्यांत मोजायला जाऊ नये.

आणखी एक अट नजरेतून निसटते. घटस्फोटानंतर हक्क टिकला, तरी पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत त्या माणसाने नोकरी, धंदा किंवा पुरेसे पैसे आणि आरोग्यविमा दाखवायचा. बेल्जियमच्या प्रकरणाचं मूळ दुखणं तेच होतं. ज्याला घरखर्चाचे पैसे मोजून मिळत होते, त्याने घर सुटल्यावर लगेच स्वतःच्या पायावर उभं असल्याचा पुरावा द्यायचा.

ब्रिटनमधल्या गोंयकारांच्या वाट्याला वेगळीच तारीख आली. 31 डिसेंबर 2020 पूर्वी जुळलेलं नातं असेल तर जोडीदाराला युरोपीय नागरिकांसाठीच्या सेटलमेंट योजनेत जागा. त्यानंतर लग्न केलं असेल तर 29,000 पौंडांची रांग. ज्यांना प्री-सेटल्ड, म्हणजे पाच वर्षं भरण्याआधीचा तात्पुरता, दर्जा मिळाला त्यांनी मुदतीत पुन्हा अर्ज केला नाही तर हक्क जाईल, अशी मूळ व्यवस्था होती. डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या हायकोर्टाने ती बेकायदा ठरवली: एकदा मिळालेला राहण्याचा हक्क केवळ फॉर्म न भरल्याने जाऊ शकत नाही. हे वाक्य लक्झेंबर्गने उचलावं इतकं चांगलं आहे. फॉर्म न भरल्याने जात नाही, तर दुसऱ्याने बॅग भरल्याने तरी का जावा?

दुरुस्ती मोठी नाही. निर्देशाच्या 12 व्या कलमाच्या मथळ्यात दोन शब्द शेजारीशेजारी आहेत: नागरिकाचा मृत्यू आणि नागरिकाचं निघून जाणं. खाली मजकुरात मात्र दोघांची वाट वेगळी होते. युरोपीय नागरिक वारला आणि त्याची भारतीय बायको त्या देशात किमान एक वर्ष राहिलेली असली, तर तिचा हक्क टिकतो. तो नुसता निघून गेला तर टिकत नाही. या हिशेबात टाकून गेलेल्या नवऱ्यापेक्षा वारलेला परवडला. एक वर्षाची जी मुदत विधवेला लावली तीच टाकलेल्या जोडीदाराला लावायला नवा निर्देश लिहावा लागत नाही, एका परिच्छेदात दोन शब्द घालावे लागतात. निघून जाण्यासाठी त्या कलमात आज एकच खिडकी आहे: मूल तिथल्या शाळेत जात असेल आणि ज्याच्याकडे ताबा आहे तो जोडीदार मागे राहिला असेल, तर मुलाचं शिक्षण संपेपर्यंत त्याला राहता येतं. जिला मूल नाही, तिच्यासाठी तिथे ओळ नाही.